भाऊबीजेच्या जेवणात टिकेल असा वीस मिनिटांचा मेकअप



दिवाळीच्या आधी फेशियल, ब्लीच, आयब्रोसाठी तुमच्याकडे रांग लागते. लक्ष्मीपूजन झालं की खुर्ची एकदम रिकामी. पाडवा आणि भाऊबीजेला तर बऱ्याचजणी पार्लर उघडतच नाहीत. पण विचार करा, याच दोन दिवशी घरोघरी बाई नवी साडी नेसते, ओवाळते, फोटो काढते आणि पंगतीला बसते. तिला नवरीसारखं नटायचं नसतं आणि नुसती पावडर-टिकलीही नको असते. तिच्यासाठी तुमच्या रेटकार्डवर काही आहे का?

बऱ्याच ठिकाणी याचं उत्तर म्हणून ब्रायडल मेकअपच थोडा कमी करून, कमी पैशात देतात. हे चुकतं. नवरी स्टेजवर उभी असते. ही बाई पुऱ्या तळते, कढी ढवळते, मग हातानं जेवते. तिचा मेकअप पहिल्या मिनिटाला कसा दिसतो यापेक्षा जेवण झाल्यावर कसा दिसतो, यावर ती पुढच्या वर्षी येणार की नाही ते ठरतं.

सुरुवात त्वचेपासून. पाडव्यालाही बऱ्याच घरांत अभ्यंग असतं. तेल चोळलेलं, वरून उटणं घासलेलं. म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या विचारा, "ताई, आज चेहऱ्याला तेल लावलं होतं का?" हो म्हणाल्या तर आधी सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवायला सांगा, हलकं मॉइश्चरायझर लावा आणि पाच मिनिटं थांबा. तेलावर फाउंडेशन घसरतं, दुसरं काही कारण नसतं. उटण्यानं त्वचा आधीच घासलेली असते, तेव्हा त्या दिवशी स्क्रब नको, ब्लीच तर नकोच. थ्रेडिंगही दोन दिवस आधी उरकून घ्यायला सांगा.

दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर उकाडा असतो, नोव्हेंबरमध्ये आली तर सकाळी ओठ फुटायला लागलेले असतात. त्यामुळे गेल्या वर्षीचाच हिशेब डोळे झाकून लावू नका.

फाउंडेशन सगळ्या चेहऱ्यावर थापायचं नाही. डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला, डाग असतील तिथे, एवढंच. ओल्या स्पंजनं दाबून बसवा. शेड जबड्याच्या रेषेवर, खिडकीच्या उजेडात बघा. "जरा गोरं करा हो" असं कुणी म्हणेलच, पण एक शेड उजळ लावली की चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळी. सावळ्या रंगाला विटकरी ब्लश काय खुलतो, ते आरशात दाखवा. बोलून पटवायला जाऊ नका. कपाळावर भुवयांच्या मधे अगदी पातळ हात ठेवा. ओल्या, तेलकट बेसवर हळदीकुंकू लावलं की ते ओघळतं.

पावडर फक्त नाक, कपाळ, हनुवटीवर. आणि हो, घरी आधी एक टेस्ट करा: पावडर लावून खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा फ्लॅश मारून फोटो काढा. काही बारीक पांढऱ्या पावडरी आरशात दिसत नाहीत, फोटोत मात्र डोळ्यांखाली पीठ सांडल्यासारख्या दिसतात. भाऊबीजेचा फोटो वर्षभर फॅमिली ग्रुपवर फिरतो, लक्षात ठेवा!

रंग शरदातले घ्या, म्हणजे तांब्याचा, विटेचा, झेंडूच्या आतल्या पाकळीचा. डोळ्यांवर एकच तांबूस-तपकिरी आयशॅडो बोटानं लावली तरी पुरते. पैठणी किंवा इरकल नेसलेली असेल तर साडीच बोलते, डोळ्यांना गप्प ठेवा. चमक हवीच असेल तर पापणीच्या मध्यावर ठिपका. ओवाळताना निरांजनाचा उजेड खालून येतो, तेवढी चमक त्यात पुरेशी दिसते. काजळ वाफेनं उतरतं, म्हणून खालच्या कडेला नको. वरच्या पापणीला वॉटरप्रूफ पेन्सिल फिरवा आणि त्यावर तीच तपकिरी शॅडो दाबा. नथ घालणार असतील तर मेकअप पूर्ण होऊन पावडर बसल्यावरच घालायला सांगा. तिथे हात जास्त लागतो.

आता ओठ. खरी परीक्षा इथेच आहे. वॉटरप्रूफ म्हणून विकलेली लिपस्टिक चहाला टिकते, पण तळणाच्या तेलानं विरघळते. चकली, पुरी, शेव, सगळा फराळ तेलातुपाचा! ग्लॉस तर पहिल्या घासातच गेला. म्हणून असं करा: बाम लावून दोन मिनिटांनी पुसून घ्या. लायनर नुसतं कडेला न फिरवता पूर्ण ओठ भरा. त्यावर मॅट लिपस्टिकचा पातळ हात. टिश्यू ठेवून दाबा, टिश्यूच्या वरूनच थोडी पावडर फिरवा, मग दुसरा पातळ हात. वरचा थर जेवताना थोडा गेला तरी खाली लायनरचा रंग राहतो, मधेच पांढरे ओठ आणि कडेला रेघ असं होत नाही. विटकरी, जांभळट मरून हे रंग पुसट झाले तरी चांगले दिसतात. गडद लाल मात्र गेला की लगेच कळतो.

ट्रायल घेताना ग्राहकाला खुर्चीतच एक चकली खायला द्या. गंमत नाही हां ही. एवढी जाहिरात दुसऱ्या कशानं होणार नाही, आणि तुमची कुठली लिपस्टिक टिकते ते तुम्हालाही कळेल.

स्वच्छतेत सूट नाही. लिपस्टिक स्पॅच्युलानं काढून घ्या, मस्कारा डिस्पोजेबल ब्रशनं. नवीन ग्राहक असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला पॅच टेस्ट. सणाच्या दिवशी चेहऱ्यावर पुरळ उठलं तर पैसे परत देऊन भागत नाही.

आता हिशेब. वीस मिनिटं मेकअप, दहा मिनिटं ब्रश पुसणं आणि पुढची तयारी, म्हणजे एका ग्राहकाला अर्धा तास. सकाळी साडेनऊ ते दुपारी एक, सात जणी बसतात. समजा सामानाचे ४५ रुपये, लाईट-भाड्याचे २५ आणि तुमच्या अर्ध्या तासाचे ७५ धरले, तर तुमचा खर्च १४५ रुपये. ३५० रुपये दर ठेवला तर सात जणींचे २,४५० येतात. त्यातून सामान आणि लाईट-भाड्याचे ४९० गेले की १,९६० हातात. तुमच्या गावाप्रमाणे आकडे बदला, पण तुमच्या वेळेचे ७५ रुपये हिशेबातून काढून टाकू नका. बहुतेकजणी नेमके तेच विसरतात आणि मग "सणाला राबले, उरलं काही नाही" म्हणतात.

बुकिंग वसुबारसेच्या आधीच घ्या, १०० रुपये ॲडव्हान्स घेऊन. व्हॉट्सॲप स्टेटसला फोटो टाकताना जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा, दोन्ही टाका, अर्थात ग्राहकाला विचारून. आणि पाटीवर "दुपारी १ पर्यंतच" असं मोठ्या अक्षरात लिहा. दीड वाजता कुणी "बस दहा मिनिटं" म्हणत आलं तरी नाही म्हणा. तुमचाही भाऊ येणार असतो, आणि तुमच्या ओठांना लायनर लावायला कुणी नसतं. ते सकाळी नऊलाच उरकून घ्या.