डोनाल्ड डकच्याच वर्षी आलेलं पुण्याचं कार्टून

कार्टून म्हटलं की डिस्ने आठवतं. रघुनाथ केळकर हे नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे. डोनाल्ड डक पहिल्यांदा पडद्यावर आला १९३४ मध्ये. त्याच वर्षी पुण्यातल्या प्रभात फिल्म कंपनीचं ‘जंबू काका’ हे छोटं कार्टून आलं. त्याचं ॲनिमेशन केळकरांचं.

हे काम किती किचकट? पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं, तरी एका मिनिटाला ७२० चित्रं लागतात. तेव्हा ती सगळी हातानंच काढायची. ‘अनडू’चं बटण नव्हतं.

आज कोरेगावच्या एसटी स्टँडवर बसूनही फोनवर ॲनिमेशन जमतं. फक्त शेवटी आपलं नाव आणि वर्ष नक्की टाका. पात्र लोकांच्या लक्षात राहतं, ते काढणारा हात विसरला जातो.