गाडीचा टेप बिघडला? आधी ऐका, मग खर्च करा



एरवी आपण कर्ज, हप्ते आणि हिशेबाच्या वह्यांवर बोलतो. आज बोलूया गाडीतल्या टेपबद्दल. हसू नका! आमच्या गटाची जुनी व्हॅन आहे. आठवडी बाजारात पोचलो की पेन ड्राइव्हवर भरलेली मसाल्याची जाहिरात लावतो. त्या आवाजावर गिऱ्हाईक येतं.

पावसाळा संपला आणि टेपमधून ‘कुंईऽऽ’ असा आवाज यायला लागला. दुकानदार म्हणाला, “सेट गेला. नवीन बसवा, चार हजार होतील.” गटाच्या बैठकीत ठराव लिहिणार, तेवढ्यात गाडी चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, “इंजिन बंद ठेवून टेप लावला तर अगदी स्वच्छ वाजतो. मग टेप गेला कसा?” त्या एका प्रश्नाने आमचे चार हजार वाचले. तेव्हापासून आम्ही तीन प्रश्न विचारतो.

पहिला, आवाज कधी येतो? इंजिन चालू केल्यावर येत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढत-उतरत असेल, तर बहुतेक वेळा अर्थिंग ढिली असते. टेपची काळी वायर गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. तिथे गंज किंवा रंग आला की बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचा आवाज टेपमध्ये शिरतो. आमचंही तेच झालं होतं. पॉलिश पेपरने जागा घासली, स्क्रू आवळला, आवाज गेला. मोबाईल गाडीतच चार्जिंगला लावून वायरने टेपला जोडला असेल, तर आधी चार्जर काढून बघा.

दुसरा, आवाज कुठून येतो? पेन ड्राइव्ह काढून रेडिओ लावा. रेडिओ स्वच्छ असेल तर दोष बहुतेक पेन ड्राइव्हमध्ये किंवा भरलेल्या आवाजात आहे. मग बॅलन्स आणि फेडर फिरवून एकेक स्पीकर ऐका. एकच बंद असेल, तर टेपमागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. आता दुसरा स्पीकर बंद पडला तर दोष टेपचा. पहिलाच बंद राहिला तर त्याची वायर तरी तुटली किंवा स्पीकर तरी गेला. स्पीकरच्या दोन्ही वायरी टेपपासून सोडवून दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. स्पीकर ‘टप्’ वाजला, म्हणजे तो आणि वायर दोन्ही जिवंत आहेत.

तिसरा, आवाज कसा येतो? मोठा केल्यावरच फाटत असेल तर आधी बेस कमी करा. तरीही फाटला तर स्पीकरचा कागद फाटलाय का, ते पाहा. टेप पूर्ण मुका झाला तर फ्यूज आणि मागचा प्लग तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने बरं झालं ते कळत नाही.

आता काळजीचं. वायरी सोडताना-जोडताना गाडी बंद ठेवा आणि बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढून ठेवा. काम झालं की ती जोडून मगच टेप लावा. स्पीकरच्या उघड्या वायरी एकमेकींना किंवा पत्र्याला लागू देऊ नका, टेप जळू शकतो. दहा अ‍ॅम्पिअरचा फ्यूज उडाला तर दहाचाच घाला. तिथे चमकी कागद किंवा तार कधीच लावू नका, वायरिंग पेटू शकतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कारागिराकडेच जा.

पण जाताना “टेप बिघडलाय” एवढंच सांगू नका. “मागच्या डाव्या स्पीकरची वायर तुटलीय, ती जोडून द्या,” असं सांगा. मग समोरचा तेवढंच काम करतो आणि तेवढेच पैसे घेतो.

आमच्या इतिवृत्तात त्या दिवशी खर्च लिहिला, पॉलिश पेपर एक. बाकीचे पैसे मिरची खरेदीला गेले.