५७ किलो, ७२ वर्षं

नरडाण्याच्या फाट्यावर चहाला बसलं आणि यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘आतेना पोरेस्ले माती माहीत नही.’ हे म्हणणारे बाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांचे दोन्ही कान मुडपून गाठीसारखे घट्ट झालेत. जुन्या पहिलवानाचा तोच दाखला. जुना मल्ल मोठा की आजचा, हा त्यांचा वाद मी वर्षानुवर्षं ऐकत आलो. यंदा त्यासाठी जोड नीट लावायची ठरवली.

आमच्याकडे जोड नजरेनं लागते. दोघांना शेजारी उभं करायचं, मांड्या-खांदे पाहायचे, हात हातात द्यायचा. मला मात्र वजनावरच जोड सापडली. खाशाबा जाधव, हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२. अमन सेहरावत, पॅरिस ऑलिंपिक, २०२४. दोघंही फ्रीस्टाइलमध्ये, दोघंही ५७ किलोत, दोघांनाही कांस्य. आणि दोघंही ज्याच्याकडून हरले तो जपानचा मल्ल पुढे सुवर्ण घेऊन गेला : तेव्हा शोहाची इशी, आता रेई हिगुची.

खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, मातीत वाढलेले. १९४८ला लंडनमध्ये ५२ किलोत ते सहावे आले, तेही मॅटची सवय नसताना. मातीत पाय रुतवून उभं राहता येतं; गादीवर तोच पाय वेगळा पडतो. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. इशीबरोबरची लढत लांबली, खाशाबा थोडक्यात हरले, आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल मामादबेयोवपुढे उभं केलं गेलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो बजावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. माझ्या मते खाशाबांचं रौप्य तिथं गेलं, डावात नाही.

अमनची उपान्त्य लढत १०-० अशी संपली. आता दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच थांबते. नाहीतर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. त्या रात्री त्याचं वजन ६१.५ किलो भरलं. सकाळच्या वजनकाट्याआधी दहा तासांत ४.६ किलो उतरवायचे होते. मॅटवर सराव, ट्रेडमिल, सौना, पुन्हा सौना. प्रशिक्षक रात्रभर शेजारी. दुसऱ्या दिवशी त्यानं पोर्टो रिकोच्या डेरियन क्रूझला १३-५ असं हरवलं. खाशाबांना अंगातला थकवा घेऊन लढावं लागलं, अमनला अंगातलं पाणी काढून. यातलं सोपं कोणतं, ते मला ठरवता येत नाही.

मातीतली निकाली कुस्ती गुण मोजत नाही. ताक, हळद, तेल, लिंबू घालून मऊ केलेली माती मुठीत घ्यायची, समोरच्याच्या अंगावर टाकायची, म्हणजे घामावर हात घसरत नाही. मग पाठ टेकेपर्यंत वेळ तुमचाच. ही कुस्ती दम पाहते. मॅट पाहते, सहा मिनिटांत तुम्ही किती वेळा चाल केलीत. बाबांच्या तरुणपणीचा गडी मॅटवर पहिल्या मिनिटात गुण गमावेल, आणि आजचा गडी मातीत अर्ध्या तासानं धापा टाकेल. प्रत्येकानं आपापल्या परीक्षेचाच अभ्यास केलेला असतो.

दोन्ही परीक्षांना बसणारे कमी. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीनं २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’ मारला. तिथं माती विभागातला विजेता आणि गादी विभागातला विजेता अंतिम फेरीत भिडतात. खानदेशानं याचा हवा तेवढा अभिमान बाळगलेला नाही, याचं मला वाईट वाटतं. आणि हेही खरं, की ‘महाराष्ट्र केसरी’चा गट ८६ किलोंच्या वरचा. आजच्या नियमानं खाशाबा त्या गदेसाठी उभेच राहू शकले नसते.

परवा हे सगळं बाबांना सांगितलं. खर्डेकरांच्या घराची गोष्ट त्यांना ठाऊक होती. अमनची नव्हती. चार किलो सहाशे ग्रॅम, दहा तास, असं मी दोनदा सांगितलं. चहाचा ग्लास खाली ठेवून ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, ‘आनि रातभर झोपना नही?’