दुसरी डिस्क बसवताना

लग्नसराई सरत आली की वरवंडसारख्या गावातल्या फोटो स्टुडिओत संगणकावरची ड्राइव्हची पट्टी लाल होते. मग गेल्या वर्षीचं एखादं लग्न डिलीट करून नव्याला जागा केली जाते. हे करू नका. त्या लग्नात आहेर स्वीकारत बसलेले आजोबा पुन्हा फोटोला मिळणार नाहीत. डेस्कटॉपमध्ये जुनी डिस्क न काढता दुसरी बसवता येते आणि ते काम घरी होण्यासारखं आहे.

पुण्याला खरेदीला जाण्याआधी कॅबिनेटचा पत्रा काढून आत बघा. मदरबोर्डवर डिस्क जोडायचं साटा पोर्ट मोकळं आहे का? वीज पुरवणाऱ्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, आलेली एखादी पॉवरची वायर शिल्लक आहे का? सुट्या डिस्कसोबत डेटा केबल बहुधा येत नाही. ती विसरली तर पन्नासहून अधिक किलोमीटरची खेप वाया. विंडोज आणि एडिटिंगसाठी एसएसडी घ्या. नुसत्या साठवणीला साडेतीन इंची हार्ड डिस्क स्वस्त पडते.

जोडताना प्लग काढून ठेवा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. डिस्कच्या कडेला दोन खाचा दिसतील. अरुंद, 7 पिनांची खाच डेटाची. रुंद, 15 पिनांची विजेची. दोन्ही इंग्रजी एल अक्षरासारख्या वळलेल्या, त्यामुळे केबल एकाच बाजूने बसते. बसत नसेल तर उलटी धरली आहे असं समजा. जोर लावला की आतली प्लास्टिकची जीभ मोडते. स्क्रू घट्ट पिळा, नाहीतर डिस्क घरघरते.

संगणक सुरू केल्यावर नवी डिस्क दिसली नाही तरी घाबरू नका. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा, नवी डिस्क इनिशियलाइज करताना जीपीटी निवडा आणि मग फॉरमॅट करा. एमबीआर निवडलं तर 2 टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. 1 टीबीची डिस्क 931 जीबी दिसते, त्यात दुकानदाराची फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या.

खरी चूक यानंतर होते. जुने फोटो कट करून नव्या डिस्कवर पेस्ट केले जातात आणि प्रत एकच उरते. कॉपी केले तरी दोन्ही डिस्क एकाच एसएमपीएसवर चालतात. विजेचा एक झटका दोन्ही नेऊ शकतो. म्हणून तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. स्टुडिओवाल्यांनी हे पुढची तारीख घेण्याआधी करावं.