उतरणीचें दुखणें आणि निर्गुडीचा शेक

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास धुळें व जळगांव या दोन्ही जिल्ह्यांतून सप्तशृंगीच्या गडाकडे पायीं जाणाऱ्या यात्रेकरूंची रीघ लागते. वाट कित्येक दिवसांची, ऊन खानदेशचें, आणि शेवटीं गडाच्या पायऱ्या. चालतांना ज्यानें कुरकुर केली नाहीं असा गडीही देवीचें दर्शन घेऊन, एस. टी.नें घरीं परतला, कीं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं उंबरा ओलांडतांना कण्हूं लागतो. तालमींत प्रथमच शंभर बैठका मारणाऱ्या पोराची तऱ्हा याहून निराळी नसते. श्रमाच्या दिवशीं स्नायु गप्प असतात. त्यांची तक्रार उशिरां येते.

या तक्रारीचा उलगडा अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यानें १९०२ सालीं बराचसा केला. अनभ्यस्त श्रमानें स्नायूंच्या आंत सूक्ष्म इजा होते, असें त्याचें मत होतें. पुढील संशोधनानें त्यास दुजोराच मिळाला. साचलेल्या दुग्धाम्लामुळें अंग दुखतें ही समजूत तालमींतून अजूनही ऐकूं येते. परंतु तें आम्ल श्रम थांबल्यावर तास-दीड तासांत निघून जातें, आणि दुखणें तर एक-दोन दिवसांनीं भर घेतें! चढणीपेक्षां उतरण अधिक बाधते, याचेंही कारण येथेंच आहे. पायऱ्या उतरतांना मांडीचा स्नायु ताणला जात असतो व त्याच वेळीं शरीराचा भार सांवरीत असतो. तंतू दुखावतात ते तेव्हां.

मग खानदेशांतील घरोघर मीठ घातलेलें गरम पाणी निघतें, तिळाचें कोमट तेल हलक्या हातानें चोळलें जातें. रात्रीं निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यांत बांधतात, किंवा एरंडाच्या पानास तेल लावून, तें शेकून पोटरीवर गुंडाळतात. (पान बाहेरून लावावयाचें, एरंडाचें बी मात्र जहाल विषारी, तें मुलांच्या हातीं लागूं नये.) चोपडें तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं उनपदेव येथें तर जमिनींतूनच ऊन पाणी निघतें.

उष्णतेनें रक्तवाहिन्या रुंदावतात, ताठरलेला स्नायु सैल पडतो, आणि ऊब दुखण्याची जाणीव मागें सारते. दोंडाईच्याची मिरची कुटणाऱ्या हातांची आग येथें आठवावी. मिरचींतील तिखट द्रव्य आणि सुमारें ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णता हीं मज्जातंतूच्या एकाच द्वारावर थाप मारतात. जळगांवची वैशाखांतली हवाही या आंकड्यापर्यंत सहज पोंचते, ही गोष्ट वेगळी. हें द्वार १९९७ सालीं उजेडांत आलें, आणि तें शोधणारे डेव्हिड जूलियस यांस २०२१ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. द्वार वारंवार ठोठावलें, कीं मज्जातंतु वेदनेची वर्दी देणें कमी करतो. मिरचीच्या अर्काचीं मलमें याच तत्त्वावर चालतात. घरचा ठेचा मात्र कोणीं पोटरीस चोळूं नये. निर्गुडीच्या अर्कानें प्राण्यांची सूज उतरल्याचे प्रयोग आहेत. मनुष्याच्या बाबतींत पुरावा तोकडा आहे. तेव्हां पाल्याचें बरेचसें श्रेय त्याच्या उबेसच द्यावें लागेल.

परंतु शेकानें दुखणें निवतें. तंतू सांधले जात नाहींत. तें काम शरीर आपल्या गतीनें चार-सहा दिवसांत करतें, आणि त्या अवधींत थोडें थोडें चालत राहिल्यास पाय मोकळे वाटतात. पाय मुरगळून ताजी सूज आली असेल, तर शेक देऊंच नये. मधुमेहानें ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांच्या पायांचें पाणी दुसऱ्यानें हात घालून पाहावें. त्यांस स्वतःस चटका कळत नाहीं.

एक प्रसंग याहून गंभीर. रणरणत्या उन्हांत सवय नसतां अतोनात चाललेल्या यात्रेकरूची, किंवा भरतीसाठीं एकाएकीं मैलोगणती धांवलेल्या तरुणाची लघवी कधीं कधीं काळ्या चहाच्या रंगाची होते, आणि स्नायु टणक सुजून दुखणें वाढतच जातें. येथें तंतू मोठ्या प्रमाणावर फुटलेले असतात, व त्यांतील द्रव्य मूत्रपिंडांस निकामी करूं शकतें. अशा माणसास सावलींत आणावें, शुद्धीवर असल्यास पाणी द्यावें, आणि विनाविलंब रुग्णालय गांठावें. निर्गुडीचें गांठोडें त्या वेळीं चुलीजवळच राहूं द्यावें.