खोट्या चेकचा भार कुणाच्या माथी?

व्यापारात पैसा बुडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. उधारी बुडते, कूळ बुडते, प्रसंगी पेढीही बुडते. परंतु गिऱ्हाइकाने मालाची पूर्ण किंमत चुकती केली आहे, तीही बँकेच्या चेकने, आणि तो माल घेऊन निघून गेल्यावर काही दिवसांनी, तो चेक कुठल्याही बँकेने काढलेला नव्हता, छपाईयंत्रातून निघालेला निव्वळ रंगीत कागद होता, असे उघडकीस येते तेव्हा प्रश्न केवळ नुकसानीचा राहत नाही. विक्रेत्याने माल स्वतःच्या हाताने दिलेला नसतो आणि चेकही स्वतःच्या हाताने घेतलेला नसतो. ही दोन्ही कामे त्याच्या वतीने आणि त्याच्याकडून मोबदला घेऊन वाहतूक कंपनीने केलेली असतात. मग भार कुणी सोसावयाचा?

अमेरिकेत हा प्रश्न गेली अनेक वर्षे छोट्या विक्रेत्यांना छळतो आहे. तेथील पोस्टखात्याने 1 जानेवारी 1913 रोजी पार्सलसेवा सुरू केली आणि त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून 'माल पोचल्यावर पैसे' वसूल करून देण्याची सोय तिला जोडली. खाजगी वाहतूक कंपन्यांनीही ती उचलली. या सोयीमागील कल्पना मोठी शहाणपणाची आहे. शेकडो मैलांवरच्या दोन अनोळखी माणसांपैकी कुणीच पहिल्याने विश्वास टाकावयास तयार नसतो. म्हणून दोघांमध्ये तिसरा उभा राहतो, एका हाताने पैसे घेतो आणि दुसऱ्या हाताने माल देतो. पुढे इंटरनेटवरून घरबसल्या खरेदी-विक्री होऊ लागली, तसा अनोळखी माणसांतला व्यवहार अफाट वाढला आणि लबाडांनी नेमकी हीच सोय हेरली. "आगाऊ पैसे पाठविणे मला सोयीचे नाही, पण पार्सल दारात येताच बँकेचा चेक देतो," असे तो गृहस्थ लिहितो. विक्रेत्याला यात धोका दिसत नाही. उलट पैसे मिळाल्याखेरीज माल हातचा जाणार नाही, अशी त्याची खात्री पटते.

हा चेक तिकडे 'कॅशियर्स चेक' म्हणून ओळखला जातो. आपल्याकडील पे ऑर्डर किंवा बँक ड्राफ्ट याच कुळातले. साधा चेक खातेदाराच्या शिलकीवर अवलंबून असतो; या चेकचे पैसे देण्याची हमी खुद्द बँकच घेते, म्हणून तो रोकडीसारखा मानला जातो. मात्र ही हमी बँकेने खरोखर काढलेल्या चेकपुरती असते; बँकेचे नाव चोरून छापलेल्या कागदाला ती लागू नाही. त्यात आणखी एक पेच आहे. अमेरिकेत 1987 साली झालेल्या कायद्यान्वये अशा चेकची रक्कम, काही अपवाद सोडता, दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी ग्राहकाला वापरावयास द्यावी लागते. ठेवीदारांचे पैसे बँकांनी उगाच अडकवून ठेवू नयेत हा त्यामागचा हेतू स्तुत्यच आहे. परंतु रक्कम खात्यात दिसणे निराळे आणि चेक वटणे निराळे. खोटेपणा उघड होताच बँक ती रक्कम ग्राहकाच्या खात्यातून परत काढून घेते. तोवर माल गेलेला असतो आणि माल घेणाराही.

आता जबाबदारी कुणाची, ते पाहू. जिचे नाव चेकवर छापले आहे ती बँक म्हणते, हा कागद आमचा नव्हे. ज्या बँकेत तो भरला ती म्हणते, आम्ही केवळ वसुलीसाठी पुढे पाठविला. लबाड तर सापडतच नाही. उरली वाहतूक कंपनी. तिच्या करारपत्राकडे पाहावे तर तिने स्वतःला आधीच मोकळे करून घेतलेले असते. 1907 साली स्थापन झालेली युनायटेड पार्सल सर्व्हिस ही त्या देशातील अग्रगण्य कंपनी. मालाच्या किमतीपोटी स्वीकारलेला कोणताही चेक पाठविणाऱ्याच्या जोखमीवर स्वीकारला जाईल, आणि त्या जोखमीत चेक न वटणे व तो बनावट असणे हे दोन्ही येईल, असे तिच्या शर्तींत स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे सर्वांच्या हातून सुटलेला भार अखेर एकट्या विक्रेत्याच्या माथी येतो.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. दिवसभर दारोदार पार्सले पोचविणारा गाडीवान काही हस्ताक्षरतज्ज्ञ नसतो. बनावट चेक बँकेतल्या कारकुनालाही फसवितो, तेथे त्याने दारात उभ्या उभ्या काय ओळखावे? वसुलीची फी थोडी आणि चेक हजारोंचा. सारे नुकसान कंपनीने सोसावयाचे ठरले तर फी इतकी वाढेल की ही सोय कुणालाच परवडणार नाही. शिवाय विक्रेता आणि गिऱ्हाईक आपसांत संगनमत करून कंपनीलाच लुबाडू शकतील. हे आक्षेप विचारात घ्यावयास हवेत.

तथापि त्यांतून मूळ प्रश्नाला उत्तर मिळत नाही. विक्रेता वसुलीची निराळी फी कशासाठी देतो? नुसता माल पोचवावयाचा असता तर साधे भाडे पुरले असते. फी आहे ती पैशाच्या खात्रीची. जी खात्री कंपनी शर्तींच्या बारीक अक्षरांत काढून घेते, तिचेच पैसे ती पावतीवर ठळक अक्षरांत घेते. हा व्यवहार कायदेशीर असेल. सचोटीचा आहे असे म्हणवत नाही.

आमच्या पेढीवाल्यांनी हा प्रश्न फार पूर्वी अधिक नेकीने सोडविला होता. 'शाहजोग हुंडी'चे पैसे कुणाही ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या शाहाच्या हातूनच ती वटविली जाई. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर ज्या शाहाने पैसे घेतले त्याने ते सव्याज परत करावे, असा दंडक होता. "मी केवळ मध्यस्थ," ही सबब त्याला सांगता येत नसे. कारण पैसे मिळाले होते ते त्याच्या नावावर. 1881 च्या हिंदुस्थानातील चेक-हुंड्यांच्या कायद्याने देशी भाषांतील हुंड्यांबाबतचे असे स्थानिक रिवाज मुद्दाम अबाधित ठेवले. इंग्लंडातही 1762 साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी प्राइस विरुद्ध नील या खटल्यात, प्रत्येकी 40 पौंडांच्या दोन बनावट हुंड्यांचे पैसे चुकते करणाऱ्याला ते परत मागता येणार नाहीत असा निकाल दिला. हुंडी काढणाऱ्याची सही पारखण्याचे काम पैसे देणाऱ्याचे, हे त्यामागचे तत्त्व. एके ठिकाणी पैसे घेणारा बांधला गेला, दुसरीकडे देणारा. परंतु जो पारख करण्याच्या जागी बसला आहे त्याने चुकीचा भार घ्यावा, हा न्याय दोहोंतही आहे.

आपल्या देशातील अनुभवही हेच सांगतो. 1877 साली आपल्या पोस्टाने व्ही. पी.ची पद्धत सुरू केली आणि पुण्या-मुंबईची पुस्तके मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना तिच्यामुळे घरबसल्या मिळाली. पोस्टमन दारात रोकड घेई आणि प्रकाशकाला जाई ती पोस्टाची मनीऑर्डर. गिऱ्हाइकाने व्ही. पी. परत पाठविली तर ते नुकसान प्रकाशकाचे. पण पैसे एकदा पोस्टाच्या हाती पडले की ती जबाबदारी सरकारची, अशी 1898 च्या पोस्ट कायद्याची व्यवस्था होती. कॅनरा बँकेविरुद्धच्या 1987 च्या खटल्यात तर एका कंपनीच्या हिशेबनिसाने खोट्या सह्या करून 42 चेक वटविले होते. सही खोटी असेल तर पैसे देण्याचा हुकूमच बँकेला नसतो, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ते नुकसान बँकेच्या माथी घातले. पुढे रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2021 पासून, 50 हजार रुपये व त्यावरील चेकचा तपशील खातेदाराकडून आधी मागवून ताडून पाहण्याची सोय उपलब्ध करून दिली. पारख आधी करता येते ती अशी.

अमेरिकेतला हा प्रश्न परका मानून आपणही स्वस्थ बसू नये. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाइकाचा चेहरा तरी दिसतो. परगावी काजूगर पाठविणाऱ्या आमच्या छोट्या व्यापाऱ्याला तोही दिसत नाही. आता चेकची जागा मोबाइलने घेतली आहे. पैसे भरल्याचे खोटे चित्र पडद्यावर दाखवून माल घेऊन जाणारे भामटे देशभर निपजले आहेत. कागद गेला, पडदा आला. फसवणुकीची रीत तीच राहिली.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. वसुलीची फी घेणाऱ्याने एका ठरावीक रकमेपुढे, माल हातावेगळा करण्यापूर्वी, चेक काढणाऱ्या बँकेकडे खातरजमा करावी. तितके केल्यावर खोट निघाली तर त्याला दोष देऊ नये, न केल्यास मात्र भरपाई त्याच्याकडून घ्यावी. चेकची जोखीम घ्यावयाची नसेल तर त्याने चेक घेऊच नये, किंवा जोखीम विक्रेत्याची आहे हे पावतीवर, त्याला कळेल अशा भाषेत आणि फीच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. बँकांनी 'रक्कम जमा' आणि 'चेक वटला' यांतील भेद ग्राहकाला स्वच्छ सांगावा. विक्रेत्यानेही आळस टाकावा. चेकवर छापलेला दूरध्वनी क्रमांक भामट्याच्याच साथीदाराचा असू शकतो. बँकेचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधून चौकशी करावी आणि पैसे खरोखर हाती आल्याखेरीज मौल्यवान माल गाडीवर चढवू नये.

कायद्याच्या भाषेत कंपन्या मोकळ्या सुटतील, याविषयी आम्हाला शंका नाही. पण बाजार केवळ कायद्यावर चालत नाही, पतीवर चालतो. आपल्या नावावर दुसऱ्याचे पैसे वसूल करावयाचे आणि ते खोटे निघाल्यावर नाव काढून घ्यावयाचे, हे शाहाचे लक्षण नव्हे.