कोळणीची मान

बी. प्रभा हे नाव आपल्या घरांत फारसं ऐकू येत नाही. हुसेन माहीत असतात. राजा रविवर्मा तर कॅलेंडरांमुळे आजीलाही ओळखीचे. पण मुंबईच्या कोळणींना ज्या बाईंनी आपल्या चित्रांत कायमचं घर दिलं, त्या नागपूरजवळच्या बेला नावाच्या खेड्यातल्या. जन्म १९३३चा. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातही पैनगंगेच्या अलीकडे एक बेला आहे, मंडळाचं गाव, घरोघरी मराठी बोलणारं. हे ते बेला नव्हे. तरी नावामुळे प्रभाबाई मला शेजारगावच्या वाटतात आणि शेजारगावच्या लेकीविषयी लिहिताना हात जरा सैल सुटतो, हे वाचकांनी समजून घ्यावं.

विदर्भातल्या मुलीनं समुद्र कुठे पाहिलेला असणार? तिथं नदी, तळं, फार तर भोयांचं जाळं. प्रभाबाई आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकल्या, मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. तिथून १९५०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी पदविका घेतली. विद्यार्थिनी असतानाच त्यांची तीन चित्रं डॉ. होमी भाभांनी विकत घेतली. अणुशास्त्रज्ञानं एका नवख्या मुलीची चित्रं घ्यावीत ही त्या काळी मोठीच गोष्ट. १९५६मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न झालं. त्याच वर्षी एअर इंडियानं त्यांची सहा चित्रं घेतली, एकेक शंभर रुपयांच्या आत! विमान कंपनीच्या कचेऱ्यांच्या भिंती सजवायला घेतलेल्या अशा चित्रांचा पुढे केवढा संग्रह झाला. कंपनी २०२२मध्ये पुन्हा टाटांकडे गेली, तेव्हा तो त्यांच्याबरोबर गेला नाही. २०२३मध्ये तो नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडे सोपवण्याचा करार झाला.

आता ही चित्रं असतात कशी, ते सांगते. प्रभाबाईंची कोळीण उंच असते, खऱ्या बाईपेक्षा पुष्कळच उंच. हात लांब, बोटं लांब, मान तर फारच लांब. शेजारी किंवा डोक्यावर टोपली. मागे किनारा, होडी, झोपडी यांची नुसती चाहूल. बहुतेक चित्रांत एकाच रंगाचं राज्य, म्हणजे सगळं निळं, नाहीतर सगळं तपकिरी. चेहरा शांत, पापण्या खाली. दोघी-तिघी असल्या तरी एकमेकींशी बोलत नाहीत. कोळीवाड्यात तीन बायका एकत्र आणि गप्प, हे दृश्य ज्यानं मासळीबाजार पाहिला आहे त्याला जरा नवलाचंच वाटेल. तिथला आवाज, ती घासाघीस, कोयता, खवले, बर्फ यांतलं काही म्हणजे काही इथं नाही.

‘बाई कुठे अशा दिसतात?’ असा प्रश्न आमच्या घरात पहिल्याच दिवशी निघाला. तो रास्त आहे, पण त्याला उत्तरही आहे. जे डोळ्यांना दिसतं ते जसंच्या तसं न काढता, जे आतून जाणवलं त्याप्रमाणे आकार ताणायचा, रंग गडद करायचा, ही चित्रकलेतली एक जुनी वाट आहे. तिला मराठीत अभिव्यक्तिवाद म्हणतात. १९०५ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात काही तरुणांनी ‘ब्र्युके’, म्हणजे ‘पूल’, नावाचा गट काढला, तिथून ही वाट रुंद झाली. गंमत म्हणजे या मंडळींना मासेमारांच्या गावांची फार ओढ. त्यांच्यातला माक्स पेखश्टाइन १९०९मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या निडन या कोळ्यांच्या गावी गेला, आणि मग पुन्हा पुन्हा जात राहिला. ते गाव आज लिथुआनियात आहे. होड्या, जाळी, राबणारी माणसं हेच त्याचे विषय. थोडा काळ याच गटात असलेला एमिल नोल्डे जलरंगांचा उस्ताद. पाणी शोषणाऱ्या जपानी कागदावर तो रंग सोडायचा आणि रंगालाच पसरू द्यायचा. हाच नोल्डे नाझी पक्षाचा सभासद होता आणि त्याच नाझींनी १९४१मध्ये त्याच्यावर चित्रं विकण्याची आणि प्रदर्शनात मांडण्याची बंदी घातली. त्या वर्षांत त्यानं लहान लहान कागदांवर जलरंगात कितीतरी चित्रं केली. माणूस म्हणून मला तो आवडत नाही. त्याचं पाणी मात्र आवडतं.

ही हवा मुंबईला आली तीही त्या राजवटीतून सुटलेल्या माणसांबरोबर. वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियाचा चित्रकार १९३८मध्ये आपल्या ज्यू पत्नीसह मुंबईत आला आणि टाइम्स ऑफ इंडियात कलादिग्दर्शक झाला. त्याच्याभोवती जी तरुण पोरं जमली, त्यांतल्या काहींनी १९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यातले के. एच. आरा आपल्या निजाम राज्यातले, हैदराबादजवळच्या बोलारमचे. लहानपणी घर सोडून मुंबईला आले, मोटारी धुतल्या, घरगडी म्हणून राबले, आणि जलरंगात चित्रं काढली. आपल्या कन्नड घरांना अभिमान वाटावा असे के. के. हेब्बार त्यांच्याच पिढीचे. उडुपीजवळच्या कट्टिंगेरीत १९११मध्ये जन्मलेले, जे. जे.त शिकून तिथंच शिकवणारे. प्रभाबाई जे. जे.त आल्या त्या या सगळ्यांच्या मागून. मात्र त्यांनी आदर्श मानलं ते अमृता शेरगिल यांना, आणि त्या खाली झुकलेल्या पापण्यांत ते दिसतंही.

एक खरं सांगते, प्रभाबाईंच्या कोळणींची चित्रं पुष्कळ आहेत, आणि पुढे पुढे त्यांत तोचतोचपणा येतो. दिवाणखान्यात सोफ्यावर शोभेल असं दुःख, असं कुणी म्हटलं तर मला लगेच भांडता येणार नाही. दुष्काळ, भूक, बेघर माणसं हेही त्यांनी रंगवलं, पण लोकांनी घरी नेली त्या कोळणी.

दुसऱ्या बाजूला मी अमेरिकेच्या विन्स्लो होमरला ठेवते. तो काही अभिव्यक्तिवादी नव्हे, त्यांच्या आधीचा. १८८१मध्ये पंचेचाळीस वर्षांचा असताना तो इंग्लंडच्या उत्तर समुद्रकाठी कलरकोट्स नावाच्या कोळ्यांच्या गावी जाऊन राहिला, १८८२च्या शेवटापर्यंत. तोवर हा गृहस्थ सहलीला निघालेल्या नटव्या पोरी रंगवायचा. इथं त्यानं बहुतेक जलरंगातच काम केलं आणि समोर होत्या कोळणी. जाळी सांधणाऱ्या, टोपल्या वाहणाऱ्या, वादळात किनाऱ्यावर उभ्या राहून होड्यांची वाट पाहणाऱ्या. त्यांच्या दंडांत बळ आहे, वारा लुगड्यांत शिरला आहे (लुगडी नव्हेत, झगे, पण आपण लुगडीच म्हणू) आणि पायांखाली ओली वाळू आहे. प्रभाबाईंच्या चित्रात जे नाही ते सगळं तिथं आहे. जे प्रभाबाईंकडे आहे, तो एकटेपणा, तो मात्र तिथं कमी.

हे सगळं आमच्या घरात शिरलं ते धाकट्या लेकीमुळे. ती इंटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला चित्रकला शिकायची आहे, नागपूरला नाहीतर हैदराबादला. आदिलाबादहून नागपूर दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. पण आमच्याकडे अंतराचा प्रश्न नव्हता, ‘पुढे काय?’ हा होता. माझं माहेर भालकीचं. आई कानडीत रागावते आणि मराठीत समजूत काढते. तिनं फोनवर दोन्ही भाषांत एकच सांगितलं, की पोरीला आधी पोटापाण्याचं शिकवा.

लेकीनं प्रभाबाईंच्या एका कोळणीचं छापील चित्र समोर ठेवून तिला आपल्याकडची करायचं ठरवलं. पैनगंगेचा काठ, उन्हाळ्यातलं आटलेलं पाणी, जाळं फेकणारे दोघं, आणि पुढे मासे घेऊन निघालेली बाई. जलरंगात. जलरंग मोठा नाठाळ. तैलरंगात चुकलं तर वरून रंग देता येतो. इथं पांढरा म्हणजे कागदच, तो आधीच राखून ठेवावा लागतो. माशाची चकाकी हवी तर तेवढी जागा कोरडी ठेवायची. तिनं मासे छान राखले. पण टोपलीचा तपकिरी रंग वाळायच्या आत मानेला ब्रश लावला आणि तो ओघळ थेट मानेवरून पाठीपर्यंत उतरला. चित्र फाटायच्या बेतात होतं. मी काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना मी दोन्ही कागद पिशवीत टाकले. आमच्याकडे मासे विकणाऱ्या एक मावशी आहेत. तेलुगू घरातल्या, पण मराठी आमच्यासारखीच बोलतात. आपण भोई म्हणतो, तुमच्याकडे कन्नडमध्ये बेस्त म्हणतात, त्या स्वतःला गंगपुत्र म्हणवतात. तेलंगणाचा राज्यमासा मरळ, तेलुगूत कोर्रमीनु. त्यातला ‘मीनु’ आपल्या कन्नड वाचकांना लगेच ओळखू येईल. मावशींच्या पुढ्यात मात्र त्या दिवशी नदीचा मासा थोडाच होता. बाकी आंध्रातल्या तळ्यांतून थर्माकोलच्या पेटीत बर्फात आलेला. गिऱ्हाईक नव्हतं. मी आधी छापील कोळीण दाखवली आणि विचारलं, ‘मान जास्तच लांब झाली ना हो मावशी?’

त्यांनी पाहिलं आणि मान डोलावली नाही. म्हणाल्या, ‘अशीच ठेवा लागते बाई. डोक्यावर वजन असलं का मान वरच ओढा लागते. हालली का गेलं सगळं खाली. डोळे तेवढे खाली, रस्त्यात गोटा असते ना.’

मी तिथंच उभी राहिले. ताठ मान आणि झुकलेल्या पापण्या. चित्रकलेवर लिहिणारे हिला उदासी म्हणतात. मीही आतापर्यंत तेच म्हणत होते आणि आताही ती उदासी नाहीच असं म्हणणार नाही. पण तिच्या मुळाशी ओझं आहे, आणि ठेच लागू नये ही काळजी. समुद्रापासून दूरच्या खेड्यातून आलेल्या प्रभाबाईंना हे दिसलं होतं. डोक्यावर घागर घेऊन येणाऱ्या बायका तर विदर्भातल्या कुठल्याही गावात असतात.

मावशींचं मात्र संपलं नव्हतं. ‘पण हे पाटी कोरडी हाय,’ त्या म्हणाल्या. ‘आमची गळते. मासोळीचं पानी मानेवरून पाठीत जाते. उन्हाळ्यात बरं वाटते, थंडीत नाही.’ मग लेकीचा कागद त्यांनी ओल्या हातानं धरू नये म्हणून मीच समोर धरला. ओघळावर त्यांनी लांबूनच बोट रोखलं. ‘हे बराबर हाय. हे कोन काढलं?’

किंमत विचारली ती त्यांनी छापील चित्राची. खरं चित्र आता लाखांच्या घरात जातं असं सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. ‘त्या बाईले काय भेटलं?’ एवढंच म्हणाल्या. ‘बाई’ म्हणजे चित्रातली. चित्रासाठी कोण बसलं होतं, कोणी बसलं होतं की नाही, याची नोंद कुठे सापडत नाही. टोपल्याही आता कमीच दिसतात, प्लास्टिकचे टब आणि दुचाकीमागचे डबे आले. मावशी स्वतः गेली काही वर्षं ऑटोनं येतात. मानेचं दुखणं मात्र राहिलंय म्हणतात.

प्रभाबाई २००१मध्ये नागपुरात वारल्या. त्यांची चित्रं लोक कौतुकानं बघतात, लिलावात बोली लागते. पैनगंगेकाठच्या, गोदावरीकाठच्या, प्राणहितेकाठच्या मासेमारांना मात्र त्यांच्या तोलाचा चित्रकार मिळाल्याचं मी तरी पाहिलं नाही. निर्मळची चित्रं एवढी नावाजलेली, पण त्यांत पक्षी, फुलं, देवदेवता. जाळं विणणारा गंगपुत्र मला त्यांत भेटलेला नाही.

लेकीनं ते चित्र फाइलमध्ये लावलं आहे, ओघळासकट, सगळ्यांत वर. तिचे बाबा दुसरं एखादं स्वच्छ चित्र वर लाव म्हणतात. आईला मी मावशींचं बोलणं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग कानडीतच तिनं विचारलं, नागपूरला मुलींचं वसतिगृह कसं आहे.